गाडीवरची आग

माझा नवरा गावी होड्या रंगवायचा. कुवेतला आल्यावर गाड्यांवर नक्षी रंगवू लागला. गेल्या वर्षी गॅरेजच्या मालकाने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. हल्ली सगळे छापील स्टिकर लावतात. नवऱ्याकडे काम उरलं ते काचांवर रंग उडू नये म्हणून कागद चिकटवायचं. घरी येऊन तो गप्प बसायचा. मला भांडणारा माणूस परवडतो, गप्प नाही.

मग एक कुवेती तरुण जुनी अमेरिकन गाडी घेऊन आला. टप कापून खाली बसवलेला, चाकांवरचे पत्रे काढलेले, इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं. शुक्रवार होता, मी नवऱ्याचा डबा घेऊन गेले होते. मी विचारलं, "अपघात झाला काय रे?"

"नाही खालती, मुद्दाम केलंय," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. खालती म्हणजे मावशी. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतली पोरं भंगारातल्या गाड्या घेऊन अशा कापायची म्हणे. का, तर आपली गाडी बापाच्या गाडीसारखी दिसू नये.

"आणि तुझा बाप काय म्हणतो?"

"माझ्याशी बोलतच नाही."

"मग जमलं की तुला."

त्याला बॉनेटवर आगीच्या ज्वाळा हव्या होत्या. स्टिकर नको, हातानेच काढलेल्या. मालक नवऱ्याला म्हणाला, "काढून बघ. नाही जमलं तर बाहेरचा माणूस आणीन, आणि तू कायमचा कागदावर."

नवऱ्याने आठवडाभर खपून आग काढली. बुडाशी निळी, मध्ये पिवळी, टोकाला लाल, सरळ वर जाणारी. आमच्या चुलीतली आग. खोटं कशाला बोलू, सुंदर होती.

गाडीवाला बघून म्हणाला, "उस्ताद, ही तर उभी आहे. मी हिच्यावर भात शिजवू? गाडी पुढे पळते, आग मागे जायला पाहिजे." मालकाने बाहेरच्या माणसाला बोलवायला फोन काढला. गाडीवाल्यानेच आणखी एकदा काढू द्यायला सांगितलं, म्हणून बरं.

घरी नवरा हट्टाला पेटला. "आग वरच जाते. मागे जाणारी आग बघितलीस तू कधी?"

"अवो, गावात स्कूटर हाणायचात तेव्हा लुंगी कुठे जायची? वर की मागे?"

"दोन्हीकडे जायची गो," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते बॉनेट स्वतःच्या हाताने घासून कोरं केलं आणि पुन्हा काढायला घेतलं. या वेळी ज्वाळा समोरच्या जाळीतून निघाल्या आणि आडव्या होत दारापर्यंत गेल्या. गाडीवाला भोवती दोनदा फिरला. मग वाकून नवऱ्याच्या कपाळाचा मुका घेतला. इकडे वडीलधाऱ्यांना असाच मान देतात. नवरा लाजून रंगाचे डबे आवरायला लागला.

मालकाने आता कागद चिकटवायला दुसरा माणूस ठेवलाय. नवऱ्याचे सदरे रोज तिन्ही रंगांनी बरबटून येतात. रॉकेलने घासते, तरी डाग जात नाहीत. जाऊ देत, नाही गेले तर.