मले हॉस्टेल पाहिजे

भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. चादरीवर माझं वाक्य होतं. इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर वीतभर.

पुण्याहून आलेल्या सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"मेल हॉस्टेल पाहिजे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वेणीपासून पायापर्यंत. माझे पाय उघडे होते. आमच्या कॉम्प्युटर रूमचा नियमच तसा होता, चपला बाहेर. सरांचे बूट मात्र आत होते.

"मॅडम, आपल्याला मेल हॉस्टेल पाहिजे? सॉरी हं. मुलींना आम्ही फिमेल हॉस्टेल देतो."

रूम दणाणली. मागच्या बाकावरून शिट्टी आली. आमचे मराठीचे सरही हसले, तोंडावर हात ठेवून. हेच सर घरी बायकोला "मले चहा दे" म्हणतात. मी त्यांच्या घरी वही द्यायला गेले होते, माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मी लिहिलं होतं, मले हॉस्टेल पाहिजे. एम, ए, एल, ई. मले. म्हणजे मला. आमच्या झाडीपट्टीत जन्मलेलं पोर पहिल्यांदा काही मागतं तेव्हा याच शब्दानं मागतं. फॉर्मवर छापलेला मेल मी काय पाहिला नव्हता? शंभरदा पाहिला होता. पण त्या वेळी मी इंग्रजी लिहीतच नव्हते. मी माझं लिहीत होते.

मी ढिवराची पोरगी. मोहर्लीच्या वाटेवर, तलावाच्या काठी आमचं गाव. बाबा जाळं टाकत, आई मासोळीचं टोपलं घेऊन बाजारात बसे. मी एस.टी.नं रोज चंद्रपूरला यायचे, बारावीला होते. घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. कॉलेजला जा म्हणायला कोणाची ना नव्हती, पण बाबांची अट एकच होती.

"हॉस्टेल भेटलं तं जाय. खोली करून पोरीले एकटी नाई ठेवत मी."

म्हणजे हॉस्टेल मिळालं तर शिक्षण. नाही तर टोपलं. माझा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

त्या दिवशी नोटीस लागली, पुण्याचं मोठं कॉलेज येणार, जागेवर बसून कॅम्पस दाखवणार. दोन हजार चार-पाच साल असेल. प्रोजेक्टर आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. सरांनी सीडी घातली आणि म्हणाले, "ही आमची व्हर्चुअल टूर. पुण्याला न येता पुणं बघा."

माऊसचा बाण दरवाजावर नेला की दरवाजा उघडे. लायब्ररी. क्लिक. लॅब. क्लिक. गालिच्यासारखी लॉन. क्लिक. मग स्विमिंग पूल. निळंशार पाणी. पोरं "आहाहा" करत होती. मी पाहत होते, पाण्यात ना मासोळी, ना शिंगाडा, ना कोणाचं जाळं.

आणि पूर्ण कॅम्पसमध्ये एक माणूस नव्हता. फाटकावर चौकीदार नाही. झाडू मारणारी बाई नाही. मी शबानाच्या कानात म्हटलं, "मंग हे गवत कोन कापते?"

शबाना माझी मैत्रीण, चंद्रपूरच्या एका टेलरची पोरगी. ती म्हणाली, "चूप. फोटो निकालने के टैम भगाया रहेंगा उनको."

हॉस्टेलवर बाण गेला. खोली. दोन पलंग, दोन टेबलं, एक खिडकी. एवढीच खिडकी मले पाहिजे होती. सरांनी पुढं क्लिक केलं.

शेवटी चादरीवर एक रिकामी चौकट आली. ज्याला प्रश्न असेल त्यानं पुढं यायचं, टाइप करायचं. दोन पोरांनी केलं. प्लेसमेंट. क्रिकेट ग्राउंड. मग शबानानं मले कोपरानं ढकललं. मी गेले. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत लिहिलं. पाठीमागं चादरीवर ते मोठं होत होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

आणि मग ते हसणं.

सरांनी की-बोर्ड ओढला. एक बटण दाबून धरलं. माझं वाक्य शेवटाकडून गिळलं जाऊ लागलं. पाहिजे गेलं. हॉस्टेल गेलं. शेवटी मले गेलं.

"'मला' लिहायचं. एम, ए, एल, ए. आधी शुद्ध मराठी शिका, मग पुण्याचं बघू. नेक्स्ट."

अंग पेटलं होतं. डोळ्यात पाणीही आलं, ते लपवत नाही. पण पाय हलेनात. त्यांनी चादर पुसली तसं मलेही पुसून टाकलं, असं वाटलं. पुसलेल्या माणसानं जागेवर जाऊन बसायचं असतं. मी नाही बसले.

की-बोर्ड माझ्याकडे फिरवला. पुन्हा लिहिलं. एम. ए. एल. ई. या वेळी हसणं कमी झालं.

"नेक्स्ट म्हटलं मी," सर म्हणाले.

"नेक्स्ट नाई, सर. माझं झालं नाई अजून. तुमी मेल वाचलं, मी मले लिवलं. हॉस्टेल हाय का नाई, तेवढं सांगा."

 सरांसोबत पुण्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "जागा आहेत. पण इंटरव्ह्यू असतो. बोलणं बघतात. हे असं बोललीस तर कठीण आहे, बाळा."

मले 'बाळा' त्या 'मेल'पेक्षा जास्त लागलं.

"मंग तुमचं कॉलेज मले नाई पाहिजे."

एवढं बोलून निघाले. वाक्य तसंच ठेवलं चादरीवर. चपला सापडेनात बाहेर, साठ जोड्यांचा ढीग. एक पायात घातली, दुसरी शबानानं आणून दिली. आतून मराठीचे सर आले. "पाव्हण्यासमोर कॉलेजची इज्जत घालवलीस."

मी म्हटलं, "सर, तुमी घरी चहा कसा मांगता?"

ते आत निघून गेले.

घरी बाबा जाळ्याची फाटकी घरं विणत बसले होते. मान वर न करता विचारलं, "भेटते का हॉस्टेल?"

"नाई. हासले."

"काऊन?"

"मी मले म्हटलं म्हणून."

बाबांना कळेना. हातातली सुई थांबली. "मंग? हॉस्टेल तुलेच पाहिजे होतं ना? 'मले' नाई म्हणशीन तं काय म्हणशीन?"

बाबा शाळेत गेले नाहीत. पण त्या रूममध्ये एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं.

पुढचे महिने पोरांनी सोडलं नाही. मी फाटकात दिसले की, "बाजू व्हा रे, मेल आली! कोन्या प्लॅटफारमवर लागते?" मी रोज त्यांच्या मधून गेले. बाजूनं नाही गेले.

निकाल लागल्यावर नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला. बाबा आणि मी तिथं गेलो. कुठलाच बाण नाही, क्लिक नाही. एस.टी. स्टँडपासून पायी. फाटकावर चौकीदार होता, अंगण झाडणारी बाई होती. सरकारी हॉस्टेलच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय पाहिजे?"

"मले हॉस्टेल पाहिजे."

"फॉर्म भर."

भरला. खोलीत चार पलंग होते, आणि खिडकीचं एक दार निखळलेलं. तिथं तीन वर्षं राहिले. आमच्या घरात पहिली डिग्री आली ती त्या खिडकीतून.

हे सांगून मी कोणाला माफ करत नाही. त्या दिवशी रूममध्ये माझ्यासारख्या किती पोरी होत्या, हात खाली ठेवून बसलेल्या. माझी गत पाहून त्यांनी प्रश्न विचारलेच नाहीत. ते प्रश्न त्या सरांनी खाल्ले. त्याचा हिशेब माझ्या डिग्रीनं फिटत नाही.

हे लिहिताना बाकी शब्द मी तुमच्यासारखे लिहिले. लिहिता येतात मले. एक शब्द माझाच ठेवला, मुद्दाम. तो छापताना कोणी दुरुस्त करायचा नाही.

आजही फॉर्म भरताना लिंगाच्या रकान्यात तो शब्द आधी छापलेला दिसतो. एम, ए, एल, ई. खूण मी त्याच्या पुढच्या, फिमेलच्या चौकटीत करते. पण पहिला शब्द माझ्या भाषेत वाचते. मले.

मले खोली पाहिजे. मले खुर्ची पाहिजे. मले बोलायचं हाय. माझं मागणं याच शब्दानं सुरू होईल. वाचता येत नसेल, तर आता तुमी शिका.