नव्या शाळूची भाकरी

लढाई संपल्यावर आमचे हे रजेवर आले ते ऐन सुगीत. लग्नानंतर दोन महिन्यांतच पलटणीत गेलेला नवरा. ओळख अशी ती किती असणार? दारात खाकी कपड्यातला दांडगा माणूस बघून मी पदर ओढून आत पळाले. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, तुजाच हाय त्यो." तेव्हा कुठं बाहेर आले.

सासूबाईंचा एक हट्ट होता. लेक परत येऊन नवी भाकरी खाल्ल्याशिवाय आपण नवं धान्य तोंडात घालायचं नाही. इतक्या सुग्या आल्या नि गेल्या, आम्ही नवी भाकरी खायचो आणि ही बाई जमिनीतल्या पेवातला जुना शाळू खायची. पेवातल्या धान्याला कुबट वास येतो, भाकरी गिळवत नाही. किती समजावलं, पण ऐकतील तर सासूबाई कसल्या!

आता लेक आला होता. शाळू काढून झाला, बैलांच्या पायाखाली मळणीही झाली. राहिलं फक्त वारं. मळलेलं पीक पाटीत भरून उंचावरून ओतायचं. वाऱ्यानं भुसा उडतो, दाणे खाली पडतात. मग राशीची पूजा, देवाला निवद, आणि त्यानंतर घरात नवी भाकरी. पण वारं पडलं ते पडलंच. लिंबाचं पान हलेना. हे पाटी घेऊन तिवईवर उभे राहायचे आणि कपाळाचा घाम पुसत उतरायचे. रजा संपत आली. यांनी नवी भाकरी न खाताच गाडी धरली, तर सासूबाईंच्या नशिबी पुन्हा पेवातलं जुनंच होतं.

मी म्हटलं, मळलेल्यातलं चार ओंजळी सुपानं पाखडते, एक भाकरी होईल, कुणाला कळतंय? मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी सूप घेऊन तिथून काढता पाय घेतला. देवाच्या आधी माणसानं खायचं, ही गोष्ट त्यांच्या घरात होणार नव्हती.

खळ्यावर बसल्या बसल्या हे लढाईत बघितलेल्या इटलीच्या गोष्टी सांगायचे. तिकडं डोंगरात गहू पिकतो, तिथली माणसंही अशीच वाऱ्याची वाट बघतात. रास झाली की हात जोडून देवाचे आभार मानतात आणि खळ्याशेजारीच सगळ्यांची पंगत बसते, दारूसकट. दारूचं नाव निघालं की मामंजी खाकरायचे. तिथला एक म्हातारा वाऱ्याला शीळ घालून बोलवायचा म्हणे. यांनी ती घालून दाखवली मात्र, मामंजी उखडले. "लक्षुमीचं ठिकान हाय ह्ये, तमाशाचा फड न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावहून यांची गाडी होती. दुपार कलली तरी झाड गप्प. सासूबाई राशीकडं पाठ करून बसल्या होत्या. रडत होत्या हे मला दिसत होतं, मामंजींनाही. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की बैलांनी कान टवकारले. आम्ही आ वासून बघत राहिलो. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, लहानपणी शेरडं राखायचे तेव्हाची आहे ही, लग्नानंतर आजच ऐकली. मग जे हसू सुटलं ते आवरेना. हेही शीळ घालायला लागले, आणि बापलेकांनी मिळून खळं दणाणून सोडलं.

वारं सुटलं. शिळेनं सुटलं असं मी म्हणणार नाही, दिवस कलल्यावर ते सुटतंच कधीकधी. पण त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, तर मी मामंजींच्या दोन बोटांची शपथ घेतली असती.

दिवस मावळायच्या आत राशीवर हळदकुंकू पडलं. सासूबाई आणि मी जात्यावर बसून शेरभर दळलं आणि खळ्यावरच तीन दगडांची चूल मांडली. निवद दाखवला. पुढची भाकरी टम्म फुगली. सासूबाईंनी ती यांच्यापुढं धरली. यांनी ती लगेच घेतली नाही.

"आय, ह्येच्या आदी बी मला एकीनं नव्या पिकाची पयली भाकर दिलीया," हे म्हणाले. "तितं, इटलीत. तिच्या ल्योकाला आपल्या इंग्रज सरकारनं लढाईत धरून हिकडं हिंदुस्थानात कैदेत ठिवलाय. मी हिंदुस्थानातला म्हणून मलाच त्येचा फोटू दावत हुती, ह्येला बघितलास का म्हणून."

सासूबाईंचा हात तसाच राहिला.

"म्हंजी तिचा हितं, आनि माजा तिच्या दारात," त्या म्हणाल्या. "त्यो गेला का घरी?"

हे म्हणाले, ठाऊक नाही.

सासूबाईंनी भाकरी मधोमध मोडली. अर्धी लेकाच्या हातात दिली आणि अर्धी देवाच्या निवदाशेजारी ठेवली, त्या पोराच्या नावानं. मग यांच्या अर्धीतला तुकडा मोडून घेतला आणि इतक्या सालांनी नवा शाळू तोंडात घातला. त्या चावत होत्या, हसत होत्या आणि डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या.

मला आधी रागच आला. इतकी वाट बघून केलेली माझ्या हातची भाकरी, तिच्यातली अर्धी कुणा परक्याला! पण मी परात पुढं ओढली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली, दोघा लेकांना पुरेल एवढी मोठी.