"कसं झालं?" विचारणारे पाळकसाहेब

पाळकाची बायको झालं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. रविवारची उपासना सुटली की ते आपणहून घरी येतात, चहा पितात आणि माझं डोकं उठवून जातात. सोलापुरातलं आमचं चर्च लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यामुळं साठा लई लवकर वाढतो.

आमच्या ह्यांचा आवडता विषय एकच. देवापुढं आपली किंमत आपल्या कामगिरीवर ठरत नाही, त्यानं आपल्याला आहे तसं स्वीकारलंय, ती कृपा आहे, कमाई नाही. वर्षानुवर्षं हेच सांगतायत. मंडळीतला एक जण तरी ऐकेल तर शपथ! आणि न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर ह्यांचाच.

*

घरी जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली की हे मान न वळवता विचारतात, "कसं झालं आज?"

"छान झालं."

"नुसतं छान?"

एकदा मी खरं बोलले. म्हटलं, "जरा लांबलं." झालं. जेवताना मटणाला हात लावला नाही, संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशीच्या प्रवचनाचा विषय होता, माणसांच्या शाबासकीवर जगू नका.

*

रेबेकाकाकू आमच्या महिला संघाच्या अध्यक्ष. घरोघरच्या प्रार्थनासभांत खाण्याची चढाओढ लागली, म्हणून ह्यांनी मंडळीसमोर जाहीर केलं, यापुढं फक्त चहा. पुढची सभा काकूंकडंच होती. चहा आला. मागोमाग भजी आली, शेंगापोळी आली, केक आला.

"काकू, फक्त चहा ठरलं होतं ना?"

"चहाच आहे की. बाकीचं चहाबरोबर आहे."

मी वैतागले. म्हटलं, "अहो, तुम्ही काहीच केलं नाहीत तरी देव तुमच्यावर प्रेम करतोच."

"देव करतो हो," काकू केक कापत म्हणाल्या. "महिला संघाचं काय?"

*

मंडळीतला एक मुलगा दहावीला नापास झाला. आईबाप तोंड लपवून घरात बसले. आम्ही दोघं भेटायला गेलो. हे त्या मुलाला जवळ बसवून म्हणाले, "मार्कांवर तुझी किंमत ठरत नाही, बाळा." त्याची आई रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

घरी आलो. चपला काढायच्या आधी हे आमच्या एस्तेरला म्हणाले, "तू मात्र नव्वदच्या खाली यायचं नाही हं."

एस्तेर म्हणाली, "पप्पा, हे आता पाळकसाहेब बोलले की पप्पा?"

हे पाणी प्यायला आत गेले.

*

मग शांतवनकाकांचं झालं. काका अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवतात. रात्रपाळी करून सायकलवर तसेच उपासनेला येतात, पंख्याखालच्या बाकावर बसतात आणि प्रवचन सुरू झालं की झोपतात. पुढच्याच बाकावर, बरोबर ह्यांच्या नजरेसमोर. ह्यांनी आवाज चढवून पाहिला, गोष्टी सांगून पाहिल्या, एकदा तर मध्येच सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं. काका काही उठले नाहीत.

एका रविवारी हे घरी आले आणि बायबल टेबलावर ठेवून म्हणाले, "मी सोडतो. मिशनला सांगतो, दुसरा पाळक पाठवा. एका माणसाला जागं ठेवता येत नाही, काय उपयोग माझा?"

मला आधी वाटलं, नेहमीचा रुसवा असेल. पण डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला भीतीही वाटली आणि रागही आला. म्हटलं, "अहो, कामावर किंमत ठरत नाही म्हणून इतकी वर्षं कोण सांगतंय?"

"ते मंडळीसाठी असतं," हे म्हणाले.

*

मीच ह्यांना काकांच्या घरी घेऊन गेले. म्हटलं, मिशनला काय सांगायचं ते सांगा, आधी काकांना तोंडावर विचारा. ह्यांनी विचारलं, "काका, खरं सांगा. माझं प्रवचन लई कंटाळवाणं असतं का?"

काका ओशाळले. "ऐकलंच न्हाय तर कसं सांगू, पाळकसाहेब?"

ह्यांचा चेहरा पडला. काकांच्या बायकोनं चहा आणून ठेवला. जरा वेळानं काका खाली बघत बोलायला लागले. "मला झोप येतच न्हाय हो. कारखान्यात मालक इचारतोय, किती माल काढला. घरी पोरं इचारत्यात, आमच्यासाठी काय केलं. दिवसा हितं पडलो तरी डोस्क्यात तेच फिरतंय. रविवारी तुमी सुरुवातीलाच सांगता की, देवाला आपल्याकडनं काय नको, हाय तसं चालतंय. तेवढं ऐकलं की जीव निवांत होतो. मग डोळा लागतो बगा."

ह्यांचा चहा गार झाला तरी कप हातातच.

पुढच्या रविवारी प्रवचन संपलं. शेवटच्या आशीर्वादाला सगळी मंडळी उभी राहते, ती उठायला लागली. काका गाढ झोपेत. शेजारच्या खजिनदारांनी त्यांना उठवायला कोपर पुढं केलं.

हे माइक बाजूला सारून हळूच म्हणाले, "राहू द्या. आज आशीर्वाद सगळेच बसून घेऊ या."