तिसरी चांदणी

शेजारच्या रूथमावशीच्या घरात फोन वाजत होता आणि ती अंगणात आभाळाकडे बघत उभी होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिच्या सुनेला दिवस गेले होते, आणि आज ती बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. पण शनिवारी तीन चांदण्या दिसेपर्यंत यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, संपत नाही, तोवर फोनला हात लावायचा नाही. दोन दिसत होत्या. तिसरी ढगाआड.

"मावशी, मी उचलू?"

"नको गं. एवढी वर्षं देवाच्या वेळेची वाट बघितली. आता एका ढगापायी त्याला घाई करू?"

धीर म्हणजे शांत बसणं, असं मला वाटायचं. मावशी तर पदराला पीळ घालत होती, जागच्या जागी नाचत होती! तिच्या शास्त्रात देव एका म्हातारीला मूल होईल म्हणून सांगतो. ती आधी हसते, विश्वासच बसत नाही म्हणून. मूल झाल्यावर पुन्हा हसते, आनंदाने.

"ती बघा, माडावर!" मी ओरडले.

मावशी चपला न काढताच आत धावली. फोन पुन्हा वाजला, तिने उचलला. 

मग तिचं हसू ऐकू आलं. दुसऱ्या वेळचं.