बायकोच्या अंगात अडकलेला नवरा

थाप मारणारा माणूस आपल्याच थापेत किती खोल जातो, हे ऐकायचं असेल तर आणखी एकेक चहा मागवा. एका कपात हे प्रकरण आटोपणारं नाही.

पंचाहत्तरच्या आगेमागेची गोष्ट. मी मंगरूळपीरला कचेरीत कारकून होतो. आमच्या तालुक्यात टेलिव्हिजन कुणी पाहिला नव्हता, आणि मी मुंबईला साडूकडे पंधरा दिवस राहून तो पाहून आलो होतो. माझं वजन किती वाढलं असेल? साहेबसुद्धा मला "बसा" म्हणाले.

तिथे एक विनोदी मालिका लागायची. नवरा-बायको भांडून झोपतात आणि सकाळी उठतात तेव्हा त्याचा जीव तिच्या अंगात, तिचा त्याच्या अंगात. मी दोन भाग पाहिले. मी निघालो त्याच आठवड्यात मालिका बंद पडली.

कचेरीसमोरच्या चाचाच्या हॉटेलात मी ते दोन्ही भाग रंगवून सांगितले. आमचा शिपाई गणपत कप तसाच हातात धरून बसला.

"मंग? आला का तो आपल्या आंगात वापस?"

इथे फक्त "मालिका बंद पडली" एवढं म्हणायचं होतं. पण चाचानं न मागता भज्यांची बशी समोर ठेवली होती. मी म्हणालो, "माझा साडू टेलिव्हिजनच्याच हापिसात आहे. पुढची सगळी गोष्ट त्यानं मला सांगून ठेवली आहे. दर शनिवारी एक भाग सांगेन."

साडू कापडगिरणीत होता.

आता पंचाईत अशी, की बायकोच्या अंगातला नवरा दिवसभर करणार काय? बायका दिवसभर काय करतात हे मला कुठे माहीत? मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसू लागलो. आमची सुशीला हैराण झाली.

"काहून बसून राह्यले इथं? जीव बरा आहे ना?"

"काही नाही. तुला बघतो आहे."

"मले? आता?"

शनिवारी मालिकेतली बाई चटणी वाटता वाटता सासूची आठवण काढून वरवंटा आपटू लागली. पाहुणे उठेनात तेव्हा रिकामी ताटं वाजवू लागली. नवऱ्यावर रुसली की त्याच्याशी न बोलता अंगणातल्या शेळीशी बोलू लागली. हॉटेल पोट धरून हसायचं. ऐकलेलं घरी जाऊन बायकांना सांगायचं. हे दुसरं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग हळदीकुंकवाला गणपतची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "सुशीलाबाई, टीवीवाली बाई डिट्टो तुमच्यावानी हाय. शेळीसंगं बी बोलते."

संध्याकाळी घरी आलो तर सुशीला शेळीपुढे उभी.

"सांग वं यायले, माया बहिणीच्या नवऱ्यानं आपल्या घरच्या गोष्टी टीवीवाल्यायले सांगतल्या. गिरणी सोडून टीवीत कधी गेला, तेबी कळवलं नाही. अख्खी मुंबई हासून राह्यली मायावर. भाचीच्या लग्नाले मी जात नाही. आजपासून मले बहीण नाही."

भाचीसाठी हौसेनं घेतलेलं लुगडं तिनं खरंच परत पेटीच्या तळाशी टाकलं. बहीण तिला एकच, आणि लग्न पुढच्याच महिन्यात. गप्प राहिलो असतो तर दोन बहिणी तुटत होत्या. बोललो असतो तर मी संपत होतो.

शेवटी सगळं कबूल केलं. शेळीकडेच केलं, सुशीलाकडे बघायची हिंमत नव्हती.

सुशीलानं पेटी उघडून लुगडं बाहेर काढलं आणि शेळीला म्हणाली, "लग्नाले जाऊ म्हणा. पण शेवटचा भाग मी सांगीन."

पुढच्या शनिवारी चाचाच्या हॉटेलात गेलो तर माझ्याकडे कुणी मान वर करून पाहीना. भजीही आली नाहीत.

"बसा बाबूजी," गणपत म्हणाला. "शेवट आयकून झाला. बाया-बायांत सांगतला तुमच्या घरूनच. तो नवरा आपल्या आंगात वापस येतच नाही म्हंते. बाईच्याच आंगात राह्यते. रोज भांडे घासते."

मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली.

"पन बाबूजी, तुमच्या नखात हे राख कायची हाय?"

मी हात टेबलाखाली घेतले आणि चहा सांगितला. चाचानं त्या दिवशी पैसे आधी मागितले.