डाग कुठे आहे?

झेरॉक्सकाकूंना कशाचाही धक्का बसत नाही, अशी त्यांची गल्लीत ख्याती होती. एकदा दुकानातल्या मोठ्या मशीनमधून भसाभस धूर निघाला. गिऱ्हाइकं उड्या मारून रस्त्यावर गेली. काकूंनी मेन स्विच बंद केला, नाकाला रुमाल लावला, आत अडकलेला कागद हलक्या हाताने ओढून काढला आणि ज्याचा होता त्याला रस्त्यावर नेऊन दिला. "कडेने जरा करपलाय, पण सही शाबूत आहे," एवढंच म्हणाल्या. मुलीने परस्पर लग्न ठरवल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा काका मटकन खाली बसले. काकूंनी मात्र विचारलं, "बरं. जेवलीस का?"

अशा बाईच्या तोंडचं पाणी पळालं ते एका संध्याकाळी, स्वतःच्याच गच्चीवर, दुर्बिणीसमोर.

दुर्बीण मुळात त्यांची नव्हतीच, ती धाकट्या दिराची. भावजी हौशी माणूस. आधी गिटार झाली, मग माशांची टाकी, मग दुर्बीण आणि तिला लावायचा कॅमेरा. "याचे नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी सगळं आमच्या माळ्यावर," असं काका म्हणत. काका बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. घरात आणखी एक खोकं आलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पण हे खोकं माळ्यावर गेलंच नाही. काकूंनी झाकण उघडून आत डोकावलं आणि विचारलं, "भावजी, हे चालत का नाही?"

"कॅमेराच बिघडलाय वहिनी. कॉम्प्युटरला दिसतच नाही."

"दिसत नाही म्हणजे काय? आंधळा आहे का तो?" काकू म्हणाल्या, आणि खोकं दुकानात घेऊन गेल्या.

त्यांचा सगळा जन्म मशीन का रुसलं ते शोधण्यात गेला होता. कॅमेरा रुसायचं कारण त्यांना दुपारच्या चहाआधीच सापडलं. मूळ वायर हरवली म्हणून भावजींनी मोबाइलची वायर जोडली होती, आणि ती नुसती वीज नेणारी होती. चित्र वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच. काकूंनी प्रिंटरची चांगली वायर लावली आणि पडद्यावर दुकानाचं छत दिसू लागलं. धुरकट, पण छतच. भावजींनी कपाळावर हात मारला. "आता तुम्हीच ठेवा," म्हणाले आणि सुटल्यासारखे निघून गेले.

मग काकूंना नादच लागला. संध्याकाळी दुकान बंद केलं की गच्ची. दिवेलागणीला चंद्र वर असला की त्याच्यावर दुर्बीण रोखायची. आधी डोळा लावायचं छोटं भिंग बसवून चंद्र शोधायचा, मग भिंग काढून त्याच जागी कॅमेरा सरकवायचा, की लॅपटॉपवर चित्र. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी चंद्र नुसता पांढरा गोळा आला, भिंतीवर चुन्याचा हात मारावा तसा. प्रकाश जास्त घेतला जातोय हे कळायला आठवडा गेला. मग चित्र थरथरायला लागलं. काकू स्क्रू आवळून आवळून थकल्या. शेवटी काकांनीच कान टवकारले.

"अगं, खाली पाण्याचा पंप चालू आहे. सगळी गच्ची हलतेय, तुझी दुर्बीण काय घेऊन बसलीस!"

"अहो मग बंद करा ना!"

"शेजारी अंघोळ कशाने करतील?"

तेव्हापासून पंप थांबला की काका जिन्यातून हाक मारायचे, "हं, घे आता!" आणि काकू घ्यायच्या.

पुढे चित्रात करड्या रंगाची वर्तुळं उमटू लागली. ती धुळीची, एवढं काकूंनी ताडलं. पण धूळ कशावर? यावर त्यांची धंद्यातली युक्ती होती. झेरॉक्सवर काळा ठिपका आला तर मूळ कागद उलटा फिरवून ठेवायचा. ठिपका कागदाबरोबर फिरला तर दोष कागदाचा. जागच्या जागी राहिला तर दोष मशीनचा, मग काच पुसा, नाहीतर ड्रम पाहा. त्यांनी कॅमेरा तसाच गोल फिरवला. वर्तुळं चित्रात होती तिथेच राहिली. म्हणजे धूळ कॅमेऱ्याबरोबर फिरतेय, ती त्याच्याच काचेवर आहे. रबरी पंपाने फुंकर मारली, वर्तुळं गेली.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा चंद्र नीट आला. अर्धा, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे असे स्वच्छ की बोट घातलं तर आत जाईल. काका मागून येऊन वाकले.

"हा आपल्या गच्चीवरून काढलास?"

"मग काय तिकडे जाऊन आले?"

काकांनी तो फोटो भावजींना, मुलीला आणि डेपोतल्या सगळ्या दोस्तांना पाठवला.

याच सुमाराला काकूंच्या नजरेसमोर बारीक काळे कण तरंगू लागले होते. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. झेरॉक्सच्या काळ्या भुकटीत दिवस काढणाऱ्या बाईला कणांचं काय कौतुक? चष्मा पुसायचा आणि पुढचा कागद घ्यायचा. मधूनच डोळ्याच्या कडेला काहीतरी लख्ख चमकायचं. पण दुकानात दिवसभर मशीनचा दिवा डावीकडून उजवीकडे चमकत जातच असतो. स्वयंपाकघरात दोनदा त्यांचा पाय उजवीकडच्या स्टुलाला आपटला, तेव्हा स्टूल वाटेत ठेवल्याबद्दल काकांना बोलणी बसली. काका बिचारे म्हणाले, "ते तर वर्षानुवर्षं तिथेच आहे!" पण ऐकतंय कोण.

आणि मग ती संध्याकाळ आली. सूर्य नुकताच गेला होता, आभाळात अजून उजेड होता. पंप थांबला, काकांनी हाक दिली. काकूंनी भिंगाला उजवा डोळा लावला. चंद्राची खालची उजवी बाजू जाग्यावर नव्हती. तिथे करडी सावली होती, कुणी झाकण अर्धवट उघडून ठेवावं तशी.

त्यांनी समोर जाऊन नळी तपासली. झाकण पूर्ण निघालेलं होतं. भिंग काढून कापडाने पुसलं. सावली होतीच. कॅमेरा लावून फोटो घेतला, तर लॅपटॉपवर चंद्र अगदी पूर्ण!

"हे काय नवीनच! अहो, कॅमेऱ्यात चंद्र चांगला येतोय आणि भिंगात कुरतडलेला."

"भिंग खराब झालं असेल."

दुसरं भिंग लावलं. सावली तिथेच. मग युक्ती: भिंग जागच्या जागी गोल फिरवलं. सावली हलली नाही. म्हणजे भिंगात नाही. दुर्बिणीच्या आतला आरसा सरकला म्हणावं, तर कॅमेऱ्यालाही तोच आरसा, आणि त्याचं चित्र निर्दोष. काकूंनी मान तिरकी केली, आणि सावली मानेबरोबर तिरकी झाली.

काकू तशाच वाकून उभ्या राहिल्या. काच नाही. ड्रम नाही. मग फिरतंय काय?

"तुम्ही बघा जरा," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळा लावला. "चांगला तर दिसतोय. सगळा दिसतोय."

"खालचा कोपरा?"

"आहे की. काय झालं?"

काकूंनी डावा डोळा लावला. चंद्र पूर्ण. उजवा लावला. कोपरा गायब. त्या सरळ उभ्या राहिल्या, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. कपाळ दिसलं, नाक दिसलं. हनुवटीच्या जागी करडा पडदा होता, आणि तो किंचित हलत होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुमची हनुवटी गेली."

काका आधी हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. मशीनमधून धूर निघाला तेव्हाही न बदललेला तो चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

दुर्बीण तशीच गच्चीवर राहिली. चाळीस वर्षं बसची इंजिनं उघडणाऱ्या माणसाला त्या दिवशी गाडीच्या कुलपात किल्ली घालता येईना. शेवटी काकूंनीच त्यांचा हात धरून ती घातली.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर मुलीच्या वयाची होती. तिने थेंब घातले, प्रखर दिवा रोखून आत पाहिलं, आणि तिची बोलण्याची तऱ्हाच बदलली.

"काकू, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ओल धरली की भिंतीचा कागद सुटतो ना, तसा वरून सुटत खाली येतोय. मधला भाग अजून चिकटून आहे. तो सुटला असता तर नजर परत आणणं फार अवघड झालं असतं. उद्या सकाळीच ऑपरेशन करू."

"पण मला दुखलं नाही!" काकू जवळजवळ ओरडल्याच.

"हे दुखत नाही. तिथेच माणूस फसतो. कण दिसले होते? काही चमकायचं?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते.

"मला वाटलं, मशीनचा दिवा," काकू म्हणाल्या.

"आणि दोन्ही डोळे उघडे असताना कळतही नाही. बराचसा भाग दुसरा डोळा भरून काढतो. पण तुमच्या लक्षात आलं कसं?"

काकूंनी सांगितलं. भिंग, कॅमेरा, फिरवणं, मान तिरकी करणं. डॉक्टर ऐकताना हातातलं पेन फिरवायचं थांबली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात," काका मध्येच म्हणाले, "पण हिने वळसा घातला म्हणून तर कळसा सापडला."

त्यात आणखी एक धक्का बाकी होता. चांगल्या म्हटलेल्या डाव्या डोळ्याचा पडदाही एका जागी विरलेला निघाला. तो तिथल्या तिथे लेझरने डागून पक्का केला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर काकू सुन्नपणे म्हणाल्या, "हासुद्धा? मग मी आतापर्यंत बघत कशाने होते?" काकांनी त्यांचा हात धरून ठेवला.

ऑपरेशन झालं. सुटलेला पडदा पुन्हा भिंतीला टेकवून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, आणि तो नीट बसावा म्हणून पहिले काही दिवस मान खाली घालून राहायचं होतं, जेवताना, झोपतानासुद्धा. आयुष्यात कुणासमोर मान न झुकवलेल्या बाईला ही शिक्षाच होती. मुलगी धावत आली आणि दारातच रडू लागली. काकू फरशीकडे पाहत म्हणाल्या, "रडू नकोस, मला तुझे पायच दिसतायत. चपला बदल, झिजल्यात." सगळे हसले, मुलगी हसता हसता पुन्हा रडली. पण काका रात्री पाणी द्यायला उठले की काकू जाग्याच असायच्या. डाव्या डोळ्यावर हात ठेवून, उजव्याने अंधारात काहीतरी शोधत.

बुडबुडा हळूहळू विरला. वरून नजर मोकळी होत गेली, जणू टाकीतलं पाणी खाली उतरतंय. नजर वाचली. मात्र त्या डोळ्याला सरळ रेघ जराशी वाकडी दिसते; दाराची चौकट मध्येच पोट काढते. डॉक्टर म्हणाली, एवढं राहील. काकू म्हणाल्या, "राहू दे. चौकटीला माझं काही म्हणणं नाही."

दुकान पुन्हा सुरू झालं. आता गिऱ्हाइकाने कण दिसतात म्हटलं, की काकू हातातलं काम ठेवतात. "एक डोळा झाका. आता दुसरा. दोन्हीकडे सारखं दिसतंय ना? तरी आजच्या आज दाखवून या. आज म्हणजे आज." लोक हसतात आणि झाकतात. भावजींनाही हाताला धरून दवाखान्यात नेलं. त्यांचे डोळे ठणठणीत निघाले, पण ते दोन दिवस घाबरून गिटार वाजवत बसले.

गच्चीवर जायला काकूंना वेळ लागला. दुर्बीण काकांनीच पुसून झाकून ठेवली होती. एका संध्याकाळी काकू वर गेल्या, पण भिंगाला डोळा लावेनात. काकांनीच चंद्र शोधला, कॅमेरा सरकवला, फोटो घेतला.

"बघ तरी," काका म्हणाले.

"बघते. पण एक गोष्ट सांगू?" काकू लॅपटॉपसमोर बसल्या. "तुमची हनुवटी गेली, त्याचं भय नाही वाटत आता. भय कशाचं वाटतं माहितेय? त्याआधी किती दिवस ती तशीच नव्हती, आणि मी तुमच्याशी बोलत होते, जेवत होते, भांडत होते. मला कळलंच नाही हो. जराही कळलं नाही."

काका खुर्ची ओढून काकूंच्या उजव्या बाजूला बसले.