अंधारातलं गरम ताट

बाबूजींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याजवळच्या एका शेतात विद्यार्थ्यांना घेऊन सोयाबीनची पानं उलटून बघत होते. "इंगोले सर गेले," एवढंच ते म्हणाले, आणि चक्क रडायला लागले. सख्खा भाऊ गेला तेव्हाही ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते माझे वडील! आणि याच माणसाने एके काळी मला सरांच्या वर्गातून काढायचं ठरवलं होतं... आज महिना होत आला. सर आठवले की रडू येण्याऐवजी मला अजून हुरूपच येतो. त्याला मी काय करू?

शेलूबाजारच्या शाळेत सर आम्हाला विज्ञान शिकवायचे, म्हणजे किडे दाखवायचे. फळा त्यांना फारसा लागतच नसे, वर्ग भरायचा शाळेमागच्या बाभळीखाली. मुंग्यांच्या वाटेवरून बोट फिरवायचं आणि त्यांची गडबड बघायची. "वास पुसला म्हणून थांबल्या," असं कुणी म्हटलं की सर टाळी वाजवत. "शाब्बास! आता हे खोटं ठरवून दाखव!" आम्ही चक्रावून जायचो. बरोबर आलेलं उत्तर खोटं कशाला ठरवायचं? पण मग कुणी पाण्याने पुसून बघे, कुणी नुसती काडी आडवी ठेवून बघे, आणि घंटा झाली तरी एकही पोर जागचं हलत नसे.

घोटाळा झाला तो सरांच्या पेटीमुळे. त्या पेटीत टाचण्या टोचलेले भुंगे होते, आणि मी मूर्खासारखं घरी येऊन त्यांचं रसभरीत वर्णन केलं. आमचं घर जैन, धान्याचं दुकान, त्यात चातुर्मास. बाबूजींनी जेवण अर्धवट टाकलं. दुसऱ्या दिवसापासून माझं बाभळीखाली बसणं बंद. मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. आयुष्य संपलं, असंच मला वाटत होतं.

सर स्वतः दुकानात आले. "सर, आमच्यात मुंगीसुद्धा मारत नाहीत," बाबूजी म्हणाले. "पोरगी किडे टोचून राह्यली तर मी समाजाले काय तोंड दाखवू?" सर वाद घालतील म्हणून मी पोत्यांमागे कान टवकारून उभी होते. पण सर म्हणाले, "शेठजी, तुमचं बरोबर आहे. मेलेला किडा पुढं काय करते, ते मले दिसनारच नाही." त्यानंतर ती पेटी आम्ही शाळेत कधी पाहिली नाही. मग सहज विचारल्यासारखं सर म्हणाले, "गव्हातले सोंडे तुमी कसे काढता?"

"उन्हात टाकतो. आपल्या पायानं जातात."

"काहून जातात? उजेडानं का उकाड्यानं?"

"उजेडानंच! अंधारातला जीव तो."

"पाहिलं का तुमी?"

बाबूजींनी हातातलं माप खाली ठेवलं! तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. शेवटी ते म्हणाले, "पोरगी पाहील. पन एकही जीव मरता कामा नये."

प्रयोग दुकानातच झाला. आधी थंड ताटात सोंडे सोडून वरून बॅटरीचा उजेड पाडला. ते इकडेतिकडे रेंगाळत राहिले. "बॅटरी म्हनजे काय ऊन आहे का?" बाबूजींनी हटकलं, तर सर खूशच झाले. "बरोबर हटकलं! आता उजेडच काढून टाकू." मग काळ्या कापडाखाली ताट, आणि ताटाच्या अर्ध्या भागाखाली कोमट पाण्याचं पातेलं. पाण्यात बोट बुडवून बाबूजी सारखे बघत होते, जीव पोळायला नको म्हणून. कापड उचललं तर सगळे सोंडे थंड बाजूला! बाबूजी हरले होते, पण असा हरून नाचणारा माणूस मी पाहिला नाही. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना गव्हाआधी ही गोष्ट ऐकावी लागे. आणि माझी वाट मोकळी झाली, ती पार कीटकशास्त्रापर्यंत.

गेल्या रविवारी बाबूजींना घेऊन आमच्याकडच्याच मालेगावला, सरांच्या घरी काकूंच्या सांत्वनाला गेले. काकूंनी आम्हाला थेट स्वयंपाकघरातच नेलं. ओट्याखाली एका बशीत गूळ, दुसरीत शेंगदाण्याचा कूट, आणि दोन्हीकडे मुंग्या. "सकाळी गुळाकडं जातात, सांजच्याले कुटाकडं," काकू म्हणाल्या. "हे म्हनत, घरात ऊन फिरते म्हनून. मले नाही पटत. अर्ध्यात टाकून गेले... आता मीच रोज मांडतो."

बाबूजींचे गुडघे पार गेलेत, तरी ते भिंतीला धरून खाली बसले. "वहिनी, या दोन्ही बशा सावलीत सरकवून पाहू का?"

"थांबा भाऊ! एका टायमाले एकच सरकवा. नाही तं समजंन कसं?"

मीही पदर खोचून जमिनीवर बसले. ओट्यावरचा चहा गार झाला. आम्ही कशासाठी आलो होतो, हे बराच वेळ कुणाच्याच लक्षात नव्हतं.